मी न दिलेल्या मुलाखती

"आता लॅपटॉप उचला आणि सगळी खोली दाखवा," तो म्हणाला.

मला यात काही वावगं वाटलं नाही. त्या तीन महिन्यांत इतक्या मुलाखती देऊन झाल्या होत्या की खोली दाखवायची सवयच लागली होती. मी लॅपटॉप दोन्ही हातांत धरून स्वतःभोवती हळूहळू फिरले. पलंग, कपाट, खिडकीवरचा निळा पडदा, भिंतीवर रंगवलेला डॉल्फिन. मग दार.

"दारामागे कोण आहे?"

मी दार उघडलं तर बाहेर आई चहाचा कप घेऊन उभी. माझं बोलणं थांबलं की आत यावं म्हणून ती वाट बघत होती.

"त्यांना जायला सांगा. दाराला आतून कडी लावा. कडी लावताना मला दिसली पाहिजे."

मी आईला मानेनेच जा म्हटलं. कॅमेऱ्यात नीट दिसेल अशी कडी लावली. आणि वर त्याला 'थँक यू' म्हणाले. त्या सगळ्या प्रकरणातलं हे थँक यू मला आजही डाचतं.

आमचं हे बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं. इथं मी ते मराठीत लिहिते आहे.

पुण्यात मी आठ वर्षं एकाच कंपनीत होते. हॉटेलांच्या खोल्या ज्यावरून बुक होतात ते सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. जून महिन्यातल्या एका सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग लागली आणि ती संपायच्या आत माझा ईमेल बंद झालेला होता. दोन महिने पुण्यात काढले, मग भाड्याची जागा सोडून गावी आले. आमचं घर कट्टा गावाहून मालवणकडे येताना खाडीच्या काठाला आहे. बाबा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, घरापासून हाकेच्या अंतरावर त्यांची शेड आहे. आई मागच्या दोन खोल्या पर्यटकांना राहायला देते. पावसाळ्यात माणसं येत नाहीत, म्हणून त्यातली एक मला मिळाली. डॉल्फिन पर्यटकांसाठी होता. बाबांनी तो देवगडच्या एका पेंटरकडून काढून घेतला होता आणि त्याचे डोळे माणसासारखे झाले होते.

नोकरी शोधायला लागल्यावर कळलं की आठ वर्षांत मुलाखत ही गोष्टच बदलून गेली आहे. एका कंपनीच्या मुलाखतीत समोर माणूसच नव्हता. पडद्यावर प्रश्न उमटायचा, खाली सेकंद मोजले जायचे आणि मी रिकाम्या चौकटीकडे बघून उत्तर द्यायचे. संध्याकाळी मेल आली, तुम्ही वारंवार पडद्याबाहेर पाहिलंत, सबब तुमचा विचार होऊ शकत नाही. खिडकीबाहेर एक माणूस माडावर चढत होता. त्याच्याकडे पाहिलं असेन. दुसऱ्या एका ठिकाणी पाच फेऱ्या झाल्या, सहावीला त्यांनी सांगितलं की ती जागाच आता राहिलेली नाही. एकजण माझं उत्तर चालू असताना जेवत होता. वाईट वाटण्यापलीकडे मी केव्हाच गेले होते. 

बाबांना हे काही समजायचं नाही. "इचारतत तरी काय इतक्या?" ते एकदा जेवताना म्हणाले. "माझ्याकडे कामाक कोण इलो तर मी इंजिन चालू करून देतंय. म्हणतंय, आयक नि काय बिघडला ता सांग. पाच मिन्टांचा काम. तुझ्या तेंका सहा-सहा दिस कित्याक लागतत?"

"बाबा, थंय इंजिन नसता," मी म्हटलं.

"मगे तपासतत काय?"



कडी लावायला सांगणारी कंपनी स्वतःहून माझ्याकडे आली होती. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचं काम, पूर्ण घरून करायचं, अनुभव अगदी माझ्याच कामाचा हवा होता. मी त्यांची वेबसाइट पाहिली. ती नीटनेटकी होती, पत्ता होता, हसऱ्या माणसांचे फोटो होते. मुलाखत घेणाऱ्याने स्वतःचा कॅमेरा कधीच सुरू केला नाही. पडद्यावर एक राखाडी वर्तुळ आणि त्यात एक अक्षर. आवाज मवाळ, वय सांगता येणार नाही असा.

पहिल्या फेरीतले प्रश्न मात्र खरे होते. त्याने विचारलं, एकच खोली एकाच क्षणी दोन माणसांनी बुक केली तर तुमची यंत्रणा खोली कुणाला देईल, आणि दुसऱ्याला ते कधी कळेल? या प्रश्नाशी मी आठ वर्षं झटले होते. मी पाऊण तास बोलले. एरवी चांगला मुलाखत घेणारा मधेच अडवतो, हे असं का, ते तसं का नाही, म्हणून खोदतो. हा अडवत नव्हता. मी थांबले की म्हणायचा, "पुढे बोला." मला वाटलं, माझी उत्तरंच इतकी चोख होताहेत.

दुसऱ्या फेरीला ओळख पडताळणी असं नाव होतं. खोट्या उमेदवारांचा हल्ली सुळसुळाट झाला आहे, त्यामुळे हे करावं लागतं, असं त्याने अगदी दिलगिरीच्या सुरात सांगितलं. चेहरा डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा. हनुवटी वर. आकडे मोजा. हा उतारा वाचा. हसा. आता कुणावर तरी चिडल्यासारखं बोला. आता एखाद्याला समजावताय असं बोला. त्या दिवशी मी पिवळा कुर्ता घातला होता आणि त्याने केस मोकळे सोडायला सांगितले म्हणून सोडले होते. मग तो म्हणाला, आता तुमच्या घराविषयी सांगा, जरा मोकळेपणाने. मी सांगितलं. खाडी, बाबांची शेड, आईच्या खोल्या, माझी शाळा, कणकवलीचं कॉलेज, एसटीने रोजचं जाणं-येणं. कुणीतरी इतक्या शांतपणे ऐकून घेत होतं, तेही बऱ्याच महिन्यांनी. मी पुष्कळ बोलले.

"पुढे बोला," तो म्हणत राहिला.

तिसऱ्या फेरीत मला पहिल्यांदा भीती वाटली. मी एका प्रश्नाचं उत्तर देत होते आणि त्याच्या बाजूने मागे बरेच आवाज ऐकू येत होते, एखाद्या वर्गात पोरं आपापलं पाठ करत बसावीत तसे. त्यातला एक बाईचा होता. ती स्वतःची ओळख करून देत होती. गाव समुद्राकाठी आहे, वडील इंजिनं दुरुस्त करतात, असं म्हणून ती जरा थांबली आणि हसली. हे थांबणं माझं होतं. हसणं माझं होतं. आवाजही माझाच.

मी बोलायची थांबले. "माझा आवाज परत येतोय का?"

क्षणात मागचे सगळे आवाज बंद झाले. एखादं दार लोटावं तसे.

"तुमच्याकडच्या रेंजचा प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "पुढे बोला."

आमच्याकडे रेंजला दोष देणं इतकं सोपं असतं की मी मानून टाकलं. उत्तर पुरं केलं. त्यानंतर त्यांच्याकडून एक अक्षर आलं नाही. मी दोन मेल पाठवल्या, त्या परत आल्या. चार दिवसांनी वेबसाइटही उघडेना. आणखी एक नकार, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

नंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी पुण्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याच्या नव्या कंपनीत माझं नाव सुचवलं. माणूस भला. मला काढलं त्या दिवशी माझं सामान उचलून रिक्षापर्यंत आलेला. त्याच्या कंपनीची मुलाखत एका बाईंनी घेतली. माझ्याच वयाच्या असतील, मागे पुस्तकांचं कपाट, कॅमेरा सुरू. त्या हसल्या, मी हसले. मग त्यांचं हसू तसंच राहिलं पण डोळे बदलले.

"आपण मंगळवारी भेटलोय," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम, माझी ही पहिलीच मुलाखत आहे तुमच्याकडे."

"तुमची दुसरी फेरी मीच घेतली. तेव्हा केस मोकळे होते तुमचे. मागे हाच डॉल्फिन होता."

मी वळून डॉल्फिनकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. तो तिथेच होता.

"मंगळवारी मी दिवसभर आईबरोबर मालवणच्या बाजारात होते," मी म्हटलं. ऐकायला ते शाळेतल्या पोरीने कारण सांगावं तसं वाटलं.

"तुमचे ओठ आणि आवाज जुळत नव्हते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मी तसा शेरा लिहिलाय. आणि आज तुम्ही आमच्याच माणसाच्या शिफारशीने परत आलात. मला हे पुढे कळवावं लागेल." त्यांनी कॉल बंद केला. रिकाम्या पडद्यावर माझाच चेहरा उरला. मी तोंड उघडून मिटून पाहिलं, ओठ आवाजाशी जुळतात का ते.

तासाभरात सहकाऱ्याचा फोन. "तू तुझ्या जागी कुणाला तरी बसवलंस का? खरं सांग."

"नाही रे. मी तर..."

"अगं, माझी नोकरी आहे तिथे. मला बोलावून विचारलं त्यांनी, तुम्ही हिला कसे ओळखता म्हणून." मग म्हणाला, "काही दिवस मला फोन करू नकोस."

तोवर त्या मागच्या आवाजांचा आणि या मंगळवारचा संबंध माझ्या डोक्यात जुळायला लागला होता, पण मी तो जुळू देत नव्हते. दुसऱ्या दिवशी एक मेल आली, मी कधीच अर्ज न केलेल्या कंपनीकडून, मुलाखतीला वेळ दिल्याबद्दल आभार मानणारी. मग आणखी एक. मी त्या उघडून वाचायचे आणि मिटायचे. घरात कुणाला काही सांगितलं नाही. आईने विचारलं, "गो, जेवणात लक्ष खंय तुझा?" तर म्हटलं, डोकं दुखतंय.

घरी कळलं ते असं.

त्या दिवशी मी राउटरचा जळलेला अडॅप्टर बदलून आणायला कट्ट्याला गेले होते. परत आले तर अंगणात एक अनोळखी स्कूटर उभी, पडवीत खुर्चीवर हेल्मेट मांडीवर घेतलेला एक माणूस, आणि त्याच्यासमोर बाबा. शेडमधून तसेच उठून आलेले, हात ग्रीसने काळे. दोघांच्या हातात चहा. बाबांचा चेहरा असा फुललेला मी माझ्या पहिल्या नोकरीनंतर पाहिला नव्हता.

"काय गो चेडवा! नोकरी लागली नि बापाशीक सांगूक नाय?"

तो माणूस उठून उभा राहिला. "अभिनंदन मॅडम. पत्ता पडताळणीला आलोय. तुम्हाला रुजू होऊन तीन आठवडे होत आले, पण आमच्याकडे याद्या जरा उशिराच येतात."

आतून आई म्हणाली, "देवाक नारळ ठेवतंय हां मी."

मी त्याच्या हातातला कागद घेतला. माझं नाव, जन्मतारीख, बाबांचं नाव, पुण्याच्या कंपनीतली आठ वर्षं. सगळं बरोबर. कंपनी बेंगळुरूची, मोठी, मी तिथे कधीही अर्ज केलेला नव्हता. वरच्या कोपऱ्यात फोटो. पिवळा कुर्ता, मोकळे केस. हनुवटी किंचित वर.

"ही मी नाही," मी म्हटलं.

बाबा हसले. त्यांना वाटलं फोटो चांगला आला नाही म्हणून म्हणते आहे.

"आये, थांब," मी आत ओरडले. "नारळ ठेव नको."

पडवीतच बसून मी सगळं सांगितलं. त्या अनोळखी माणसासमोरच, कारण आता थांबवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. आई दाराशी नारळ हातात धरून ऐकत होती. 

"म्हणजे तुझा रूप घेवन दुसराच कोण तरी कामाक जाता?" बाबांनी विचारलं.

"होय."

"रोज?"

"रोज."

पडताळणीवाला बिचारा घाबरला होता. त्याने मोबाइलवर फॉर्म उघडला आणि माझ्यापुढे धरला. "मॅडम, मी काय भरू? यात दोनच रकाने आहेत. उमेदवार या पत्त्यावर राहते, किंवा राहत नाही."

आम्ही दोघांनी त्या दोन रकान्यांकडे पाहिलं. मी तर तिथेच राहत होते. त्याने 'राहते' भरलं, घराचा एक फोटो काढला, चहा अर्धा टाकून निघून गेला. जाताना तो कागद मात्र त्याने माझ्याकडे राहू दिला. त्याचे उपकार.

आईने नंतर माझ्या खोलीत जाऊन पडदा ओढून घेतला आणि लॅपटॉपवर टॉवेल टाकला. चांगला चारी बाजूंनी खोचला.

मी त्या बेंगळुरूच्या कंपनीला लिहिलं. यंत्राचं उत्तर आलं, तुमची तक्रार मिळाली. दुसऱ्या दिवशी यंत्राचंच दुसरं, तुमची तक्रार निकाली निघाली. मग बाबांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर पोलिसांकडे गेले. तिथल्या महिला हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं, मधेमधे टाइप केलं. मग विचारलं, "आरोपीचं वर्णन?"

"माझ्यासारखी दिसते," मी म्हटलं.

तिची बोटं थांबली. तिने माझ्याकडे वर पाहिलं, हसली नाही, आणि ते तसंच टाइप केलं. पोच देताना म्हणाली, "याची शिक्का मारलेली प्रत त्यांना पाठवा. मेल वाचत नाहीत, शिक्का वाचतात."

खरंच वाचला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला कॉल ठरला.

पडद्यावर चार चौकटी होत्या. एक कर्मचारी विभागाच्या बाई, एक वकील, एक सुरक्षा विभागाचा गृहस्थ आणि चौथा, कॅमेरा सुरू असूनही गप्प बसलेला तरुण. तो 'तिच्या' टीमचा मॅनेजर होता. बोलणं सुरक्षावाल्याने सुरू केलं.

"माफ करा, पण आमच्यासमोर एकाच नावाच्या दोघी आहेत. तुम्ही खऱ्या, हे आधी ठरायला हवं."

ती माझी सगळ्यात अवघड मुलाखत. उभ्या राहा. बाजूला वळा. हात चेहऱ्यासमोरून न्या, वरून चढवलेला चेहरा असेल तर तिथे विस्कटतो. मी नेला आणि नेमकी त्याच वेळी लाइट गेली, चित्र गोठलं. इन्व्हर्टर सुरू झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर संशय आधीपेक्षा जास्त. "पुन्हा न्या." पुन्हा नेला, पण नेट अडखळत होतं आणि माझी बोटं माझ्याच गालात विरघळल्यासारखी दिसत होती. मला स्वतःलाच दिसत होती.

"तुमच्याविषयी काही सांगा," तो म्हणाला. "तुम्हालाच माहीत असेल असं."

मी शाळा सांगितली. त्याने समोरच्या कागदावर पाहिलं. "हे त्यांनीही सांगितलंय." मी कॉलेजची एसटी सांगितली. "हेही." आईच्या खोल्या, बाबांची शेड, डॉल्फिनचे डोळे. "हे सगळं आहे आमच्याकडे." मी आठवत राहिले. स्वतःच्या आयुष्यातलं, मी त्या राखाडी वर्तुळाला न सांगितलेलं काहीतरी. त्या क्षणी एकही गोष्ट सापडेना. जे काही सुचत होतं ते आधीच कुणीतरी उचलून नेलेलं होतं. मनात आलं, रडले तर हे म्हणतील, रडूनही दाखवलंय त्यांनी.

"मी बोलू काय?" दारातून बाबा म्हणाले. कडी मी लावलीच नव्हती.

ते आत येऊन माझ्या बाजूला वाकले आणि कॅमेऱ्यात बघायचं कुठे ते न कळून लॅपटॉपच्या बिजागरीकडे बघत म्हणाले, "ह्या माझा चेडू. तुमका आणखी काय व्हया?"

सुरक्षावाल्याला शब्द कळले नसतील. तो क्षणभर विचार करून हिंदीत म्हणाला, "काका, तुमचा हात तिच्या चेहऱ्यावरून फिरवा. कपाळापासून खाली. हळू."

बाबांनी हाताकडे पाहिलं आणि तो लेंग्याला पुसायला गेले.

"पुसू नका. तसाच."

बाबांनी तो खरखरीत हात माझ्या कपाळावर ठेवला आणि खाली हनुवटीपर्यंत आणला. डोळ्यांवरून, नाकावरून, ओठांवरून. डिझेलचा वास. हात खाली आला तेव्हा माझ्या तोंडावर ग्रीसचे चार पट्टे उठले होते आणि पडद्यावरही ते तिथल्या तिथे, न हलता, उमटले होते.

"बास," सुरक्षावाला म्हणाला.

कर्मचारी विभागाच्या बाईंनी चष्मा काढला. वकील काही लिहायला लागला. मग इतका वेळ गप्प असलेला मॅनेजर बोलला.

"रोज दहाच्या मीटिंगला असायच्या त्या. काम चांगलं होतं. खरं सांगायचं तर टीममध्ये सगळ्यांना आवडायच्या." तो थांबला. "काल सुट्टी मागितली त्यांनी. वडिलांचा हात इंजिनात सापडलाय म्हणाल्या."

बाबांना इंग्रजी येत नाही. मला त्यांना हे सांगायचं नव्हतं, पण आई दाराशी आली होती आणि तिने माझा चेहरा पाहिला. मला सांगावं लागलं. बाबा फक्त उजवा हात डाव्या हातात धरून बसले. मी शाळेत होते तेव्हापासून कधीही शेड बंद न ठेवलेला तो माणूस पुढचे दोन दिवस शेडमध्ये गेला नाही.

त्या दुपारीच 'तिचं' खातं बंद केल्याचं कंपनीने कळवलं. ती कोण होती, एक होती की चारजण आळीपाळीने माझा चेहरा लावून बसत, त्यांनी काय काय नेलं, हे काही सांगितलं नाही. मी मॅनेजरला एक मेल केली. आता लिहितानाही लाज वाटते, पण केली. ती जागा आता रिकामी असेल तर माझी मुलाखत घ्याल का, म्हणून विचारलं. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं की तुमचं नाव आमच्या यंत्रणेत धोक्याच्या यादीत आहे, तुमची काही चूक नाही, पण काही काळ जाऊ द्या. सहकाऱ्याला मी पोलिसांची पोच पाठवली. त्याचा फोन आला, तो रडवेला झाला होता. मीच त्याची समजूत काढली.

दिवाळी जवळ आली तशी आईला खोली हवी झाली. पर्यटकांची बुकिंगं सुरू झाली होती. मी पुढच्या खोलीत हलले आणि मुलाखती देणंच बंद केलं. डिसेंबरात कणकवलीला एका छोट्या ऑफिसात जागा निघाली. मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या, सातजणांचा स्टाफ, हापूसच्या पेट्या बागेतून कुठे कशा जातात याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. मालकीणबाईंनी समोरासमोर बोलावलं. टेबलाच्या पलीकडे खरंखुरं माणूस, पाण्याचा ग्लास, खिडकीतून डेपोतल्या गाड्यांचे हॉर्न. त्या प्रश्न विचारत होत्या आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत होते, आवाजाशी जुळतात का ते.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही, ठीक आहे," मी म्हटलं. त्यांनी नोकरी दिली. अजून तिथेच आहे. पगार पुण्याच्या निम्माही नाही, आणि ऑनलाइन मीटिंगला मी कॅमेरा सुरू करत नाही, हे त्यांनी चालवून घेतलंय.

मार्चमध्ये त्या हवालदारबाईंचा फोन आला. दुसऱ्या एका राज्यात काही कॉम्प्युटर सापडले होते. त्यात बऱ्याच मुलींचे आवाज होते, काही आपल्याच जिल्ह्यातल्या. ओळख पटवायला या म्हणाल्या.

मी एकटीच गेले. त्यांनी मला हेडफोन दिले. सात तुकडे होते, प्रत्येक मिनिटभराचा. खरा कोणता आणि बनवलेला कोणता, तुम्हीच सांगू शकाल, असं त्या म्हणाल्या. पहिले तीन माझे होते, ते बोललेलं मला आठवत होतं. पुढचे दोन माझे नव्हते. त्यात मी न केलेल्या कामाविषयी बोलले होते. सहावा मी चारदा ऐकला आणि ठरवता आलं नाही.

सातव्यात माझा आवाज म्हणत होता, "मी खाडीकाठी वाढले, पण मला पोहता येत नाही. लहानपणी एकदा बुडता बुडता वाचले, तेव्हापासून पाण्यात पाय घालत नाही. घरी हे कुणाला माहीत नाही."

"हा तुमचा?" हवालदारबाईंनी विचारलं.

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी तो कुणालाच कधी सांगितलेला नव्हता, अशी माझी समजूत होती; त्या राखाडी वर्तुळासमोर बोलून गेले होते की काय, आठवेना.

"लिहा, सांगता येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी तसं लिहिलं, कागद माझ्याकडे सरकवला, आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.